घाटात राहिलेला ठोकळा

मित्रांनो, रस्त्याने जाताना तुम्ही माझ्याकडे कधी नीट पाहिलं नसेल. मी बाभळीच्या लाकडाचा एक जुना ठोकळा आहे. चढावर ट्रक उभा राहिला की मला मागच्या चाकाखाली लावतात, म्हणजे गाडी मागे घरंगळत नाही. माझं काम एका जागी बसून राहण्याचं. पण गेलं वर्षभर मला कुणी बसू दिलेलं नाही.

शेवगावच्या एका सुताराने मला तासलं. दाऊद ड्रायव्हर तेव्हा शेजारी उभा होता. "धार तिरकी काढा, मिस्त्री. चाकाला घट्ट बसला पाहिजे," असं तो दहादा म्हणाला. मग त्याने मला धरायला दोरीची मूठ बांधली. ऊस, सरकी, कांदा, सगळ्या खेपांना मी बरोबर असायचो. दाऊदचा हात चलाख. लोक म्हणत, "दाऊदच्या गाडीत माल टाकला की पोचलाच समजा."

हे कौतुक त्याला मानवलं नाही. तो भरधाव जाऊ लागला. त्यापायी काही महिने लायसन जप्त झालं. ते परत मिळालं, तरी घाई गेली नाही. एके दिवशी चढावर गाडी उभी करून तो चहाला उतरला. दोन मिनिटांचं काम म्हणून मला सीटखालीच ठेवलं. हँडब्रेक सुटला आणि भरलेला ट्रक मागे सरकत चहाच्या टपरीत घुसला. टपरीवाल्या सुनीलचा पाय मोडला. मी सीटखाली पडून ती किंकाळी ऐकली. मित्रांनो, ज्यासाठी आपल्याला घडवलं तेच काम करायला न मिळणं, याहून वाईट काय असतं ते मला माहीत नाही.

खटला झाला, लायसन पुन्हा अडकलं, नोकरी गेली. सगळं निस्तरून लायसन हातात आलं, तेव्हा दाऊदने आता मला विसरायचं नाही म्हणून पिशवीत घातलं आणि तो काम शोधायला निघाला. आज राहुरी, उद्या नगर, परवा पुन्हा राहुरी. बाकड्यावर टेकतो न टेकतो तोच उठायचा. राहुरीला एकाने विचारलं, "दाऊद म्हंजे टपरीत गाडी घालनारा तोच का?" नगरच्या एका ऑफिसात पिशवीतून माझी मूठ दिसली, तेव्हा तर हशाच पिकला. "गाडी ठोकतो आन् ठोकळा घिऊन फिरतो!"

घरी हमिदा, त्याची बायको, शिलाई मशीन थांबवून म्हणाली, "ते लाकूड द्या हिकडं. चुलीत तरी कामाला यील."

"घाल. मग उद्या काय घिऊन जाऊ?"

"उद्या पुन्याला जा. तुमचे भाईजान गोदामात हमालीला लावतो म्हनत्यात. मान तरी खाली घालावी लागनार न्हाई."

"आबासाहेबांकडं एकदा जातो. त्यांनी न्हाई म्हनलं तर जातो पुन्याला."

हमिदाने मशीन पुन्हा सुरू केलं. मी त्या रात्री चुलीपासून हातभरावर होतो.

आबासाहेबांच्या चार गाड्या शेवगावातून चालतात. त्यांनी दाऊदचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वैजनाथ संगं बसंल. सरकी नगरला पोचव. तो काय सांगतो ते बघू." वैजनाथ त्यांचा सर्वांत जुना ड्रायव्हर. त्याने गाडीत चढतानाच टोमणा मारला, "टपऱ्या रस्त्याच्या कडंला असत्यात बरं का, दाऊदभाई."

करंजी घाटात वाहनांची रांग लागली. दाऊदने गाडी थांबवली आणि उतरून मला चाकाखाली लावलं. किती दिवसांनी ते वजन अंगावर आलं! पुढच्या ट्रकवाल्यांनी दगड लावले होते. रांग हलली तसे ते दगड रस्त्यावर तसेच टाकून निघून गेले. मागून हॉर्नचा गोंगाट उठला. वैजनाथ ओरडला, "आरं चल की! वरात हाय का?" दाऊद गडबडला. चावी फिरवली, गिअर टाकला, गाडी पुढे गेली.

मी रस्त्यावर राहिलो.

मित्रांनो, एवढी भीती मला टपरीच्या दिवशीही वाटली नव्हती. वळणावरून एक मोटारसायकल आली. चालवणारी एक तरुण मुलगी, मागे बाई. माझ्यापाशी येऊन ती डगमगली आणि अगदी काठाने निघून गेली. मी थांबवण्यासाठी जन्मलो, आणि आता मीच कुणाला तरी पाडणार होतो.

तिकडचं मला नंतर कळलं. वरच्या वळणाआधी दाऊदला माझी आठवण झाली. त्याने गाडी कडेला घेतली.

"मामा, तुमी हिकडं या. ब्रेकवर पाय ठिवा."

"खाली उतारलास तर आजच्या खेपंचं आबासाहेबांना काय सांगू मी? एका लाकडापायी गाडी उभी केली म्हनू?"

"सांगा. काय वाटंल ते सांगा."

तो उताराने धावत आला. हात दाखवत वाहनं थांबवली, मला उचललं. मग ते दुसऱ्यांचे दगडही एकेक करून कठड्याशी लोटले. शिव्या खात होता, पण एकही दगड ठेवला नाही. परत आला तेव्हा त्याचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. नगरपर्यंत दाऊद मनात बहुधा पुण्याला जायची पिशवी भरत होता.

सरकी उतरवताना वैजनाथने फोन लावला. "आबासाहेब, उशीर झाला. पोरगं घाईत ठोकळा इसरलं घाटात."

दाऊदने मान खाली घातली.

"व्हय, इसरलं. मीच वरडत होतो ना. पन गाडी थांबवून माघारी पळालं. रस्ता साफ करून आलं." वैजनाथने फोन दुसऱ्या कानाला लावला. "गाडी एकट्याला देऊ नका अजून. माझ्याबरूबर टाका. उसाचा हंगाम सुरू होईस्तवर मी बघतो त्याच्याकडं."

आबासाहेब "बरं" म्हणाले, तसा दाऊदने काम मिळाल्याचं सांगायला हमिदाला फोन केला. तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, फक्त फोनमधला शिलाई मशीनचा आवाज थांबला एवढं कळलं.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना नाव नसतं. आम्हाला वापरून रस्त्यात टाकणं फार सोपं. तुम्ही आईवडिलांच्या मागे गाडीवर बसून जाल, तेव्हा चढावर दगड किंवा ठोकळा पडलेला दिसला तर गाडी कडेला घ्यायला सांगा आणि तो मोठ्यांकडून बाजूला करून घ्या. चार लोक हॉर्न वाजवतील. वाजवू द्या.

आता मला बोलायला सवड नाही. इंजिन सुरू झालंय, वैजनाथ "चल, चल" करतोय, आणि दाऊद त्याला "थांबा, मामा" म्हणत मला उचलायला खाली उतरतोय.