खांदशेकणीचं तूप

साल अठ्ठावन-एकोणसाठ असेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आर्णीकडच्या त्या गावात बैलांचा काय थाट! वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची, चुकलंमाकलं पोटात घाल म्हणायचं, अन् उद्याच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं. ही खांदशेकणी पुंडलिकरावांइतकी मनापासून कोणी करत नसे. माणूस बैलापुढं मऊ मेण. घरात मात्र राग सदा नाकावर.

सांजेला बैल धुऊन आले, तर तुपाची वाटी रिकामी! समोर नऊ वर्षांची लेक कोकिळा, हात पिवळेजर्द.

"सारं तूप कुठी घातलं व?"

विचारलं खरं, पण उत्तराला थांबतो कोण? पाठीत धपाटा बसलासुद्धा. कोकिळा रडली नाही. बैलांच्या कोठ्यात जाऊन बसली अन् बापाशी बोलणंच बंद केलं.

पुंडलिकराव तणतणत चुलीपुढं गेले, तर बायकोचा, तानाबाईचा, खांदा तूप-हळदीनं माखलेला.

"पानी शेंदू शेंदू सुजला न जी," ती म्हणाली. "पोरगी म्हने, मायचा खांदा काहून नाई शेकत कोनी? मी नाई-नाई म्हनतच राह्यलो."

पुंडलिकरावांचं तोंड एवढंसं झालं. घरात बायकोचा खांदा सुजलाय अन् आपल्याला पत्ता नाही! अन् मारलं कोणाला, तर जिला तो दिसला तिला. आधी गुळाचा खडा नेऊन पाहिला. तिनं तो बैलाला चारला.

मग मुकाट्यानं शेणामातीत तिच्यापुढं बसले. "चुकलो, माय. न इचारता हात उचलला. मले माफ कर."

"लय लागलं मले."

"लागलं असंन बाई. आता नाई उचलत."

कोकिळा मान वर करून म्हणाली, "बरं. पन मायले बी आवतन द्या."

झालं! बैलांसाठी उसनं तूप घेऊन शेजारची रुखमाबाई आली, ती दारातच थबकली. तिच्यादेखत पुंडलिकरावांनी चुलीशी बसलेल्या बायकोपुढं हात जोडले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तानाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "येतो न! पन सैपाक कोन करन?"

"बाबा करतीन," कोकिळा म्हणाली, "मी शिकवतो त्याईले." अन् तिनं आपणहून बापाचा हात धरला.