तांबडीखालचं मलाऊचं अंडं

माझी तांबडी कोंबडी खुडूक बसली त्याच आठवड्यात खोबऱ्याच्या बोटीतून वन्संसाठी एक अंडं आलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात गच्च दाबलेली काळी राख, आणि राखेत पुरलेलं मलाऊ पक्ष्याचं लांबट, मातकट अंडं. वन्संनी राखेत बोटं खुपसली आणि डोळे मिटले.

"निवली गं," म्हणाल्या. "आपल्याकडं हीच राख हाताला चटका द्यायची."

आपल्याकडं म्हणजे निउआफोऊ बेटावर. तिथला डोंगर फुटला, गाव जळालं, आणि सरकारनं आम्हां सगळ्यांना बोटीत घालून इथं एउआ बेटावर आणून ठेवलं. त्याला बरीच वर्षं झाली. आता परत जायची परवानगी मिळाली होती आणि अर्धं गाव बोचकी बांधत होतं. माझा नवरा सेमिसी जाणार नव्हता. मलाही जायचं नव्हतं. इथलं धुकं, इथली रताळी, इथली फुटायचं नाव न काढणारी जमीन, सगळं माझ्या अंगवळणी पडलं होतं. सेमिसीची थोरली बहीण लोसालिने, म्हणजे आमच्या वन्सं, मात्र जाणार होत्या. आणि एकट्या जाणार नव्हत्या. त्यांनी लाइतेला मागितलं होतं.

लाइते माझी मुलगी. दुधाचे दात नुकते पडू लागलेले. आमच्यात आत्यानं भावाचं मूल मागितलं तर नाही म्हणत नाहीत. बाप म्हणत नाही, आई तर नाहीच नाही. वन्संना स्वतःचं मूल नाही. लाइते रांगायला लागल्यापासून त्यांच्याच चटईवर झोपते. सेमिसीनं बहिणीला समजवावं म्हटलं तर मोठे झालेले भाऊबहीण आमच्यात एका छपराखाली बसत नाहीत. वन्सं घरात शिरल्या की हा बाहेर माडाखाली जाऊन उभा. म्हणजे भांडायचं ते मीच.

"इथली माती थंड," वन्सं अंड्यावरून हात फिरवत म्हणाल्या. "जी माती एक अंडं उबवत नाही, तिथं माणसानं राहायचं तरी कशाला? आपल्याकडं मलाऊ अंडं पुरून निघून जाते, पुढचं सगळं जमीन करते. इथं निघेल का पिल्लू?"

"माझी तांबडी काढेल," मी म्हणाले. रागाच्या भरात तोंडातून निघून गेलं.

"कोंबडी? मलाऊचं?" वन्संना हसताना ठसका लागला. "बरं बाई. काढलं तिनं पिल्लू, तर मी इथंच राहते आणि पोरगीही इथंच. नाही काढलं तर पुढच्या बोटीला आम्ही दोघी. कबूल?"

"कबूल."

बाहेर माडाखाली सेमिसीनं कपाळावर हात मारून घेतला.

तांबडीची स्वतःची अंडी मी काढून घेतली आणि तिच्या पोटाखाली ते परकं अंडं सरकवलं. तिनं चोचीनं ते एकदा फिरवलं, पिसं फुलवली आणि वर बसली. एवढ्या मोठ्या अंड्यावर बसल्यानं बिचारी एका बाजूला कलंडल्यासारखी दिसायची. दुसऱ्या दिवशी बघते तर खुराड्यात ढीगभर राख, अंडं तळाशी पुरलेलं, आणि वन्सं हात झटकत उभ्या.

"मलाऊचं अंडं असं उघड्यावर ठेवतात होय? लाज नाही वाटत?"

"वन्सं, आता हिची जमीन म्हणजे तांबडीच, ती वर बसलीय ना! आणखी राख कशाला?"

तोवर तांबडीनं पायांनी राख उडवायला सुरुवात केली होती. वन्संच्या डोळ्यांत, केसांत राख गेली. अंडं उकरून तिनं पोटाखाली घेतलं. वन्सं संध्याकाळी पुन्हा पुरायच्या, तांबडी सकाळी पुन्हा उकरायची. शेवटी वन्संनीच हात टेकले.

मग नुसतं बसणं सुरू झालं. तांबडी खुराड्यात, खुराड्याच्या दाराशी मी, माझ्या शेजारी चटई विणत वन्सं, आणि वन्संच्या मांडीवर डोकं टेकून लाइते. रोज एकदा मी तांबडीला उचलून बाहेर काढायची. करवंटीत पाणी, किसलेलं खोबरं. ती घाईनं चार घास खायची आणि परत पळायची. दुपारी रानातून धुकं खाली उतरायचं, माड दिसेनासे व्हायचे, आणि वन्सं हलक्या आवाजात डोंगराच्या पोटातल्या तळ्याबद्दल बोलत राहायच्या. पाणी इतकं गप्प की पोहणाऱ्याला आपलाच श्वास ऐकू यायचा, म्हणायच्या. काठाची वाळू कोमट. ऐकता ऐकता माझी पापणी मिटायची. मला वाटायचं, मीच कुठंतरी उबदार अंधारात पुरलेली आहे, वर कुणाच्यातरी छातीचं, ठोके देणारं वजन आहे, आणि बाहेर यायची मला मुळीच घाई नाही. जाग आली की आधी लाइते कुठं आहे ते बघायची. ती त्याच मांडीवर असायची.

कोंबडीच्या पिल्लाला लागतात तेवढे दिवस सरले. अंडं गप्प. तांबडीचा तुरा फिका पडला, छातीचं हाड हाताला लागू लागलं. शेजारची फाने कुंपणावरून ओरडली, "अगं, दगडावर बसवलीस का तिला?" मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वन्सं मात्र हसल्या नाहीत. त्या बोचकं बांधत होत्या, आणि त्यात लाइतेचे फ्रॉक होते.

एका सकाळी मी खुराड्याशी गेले तेव्हा धुकं अजून जमिनीलगत होतं. तांबडी उभी राहून खाली बघत होती. अंडं हललं, फुटलं, आणि आतून आधी पाय आले. केवढे ते पाय! त्यांनी टरफल लाथाडलं. मग सगळं पिल्लू बाहेर आलं, ओलं, काळपट, पंखांना चक्क पिसं असलेलं.

"वन्सं!" मी ओरडले. "निघालं! निघालं हो!"

वन्सं धावत आल्या, मागून डोळे चोळत लाइते. तांबडीनं ते हळू क्लक्‌क्लक्‌ सुरू केलं, पंख जरा उचलले, ये म्हणाली. पिल्लानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. अंग वाळेपर्यंत बसलं, उठलं, खुराड्याच्या दारातून बाहेर पडलं आणि नेच्यांमधून सरळ रानात निघून गेलं.

मी जिंकले होते. लाइतेला उचलून मी गरगर फिरवलं. वन्सं म्हणाल्या, "हरले गं. राहते मी." आणि बोचकं सोडायला आत गेल्या.

पण तांबडी ऐकेना. ती रानाच्या कडेनं फिरत राहिली. किडा सापडला की चोचीत धरून हाक मारायची, खाली ठेवायची, वाट बघायची, परत उचलायची. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याही. वन्सं दारात बसून बघत होत्या. हातातली चटई पुढं सरकत नव्हती.

"फानेकडं पिल्लं निघालीत," त्या अखेर म्हणाल्या. "घेऊन ये थोडी. अंधार पडताना हिच्या पोटाखाली सरकव."

फानेनं टोमणे मारत मारत का होईना, दिली. तिन्हीसांजेला मी एकेक पिल्लू तांबडीच्या पंखाखाली घातलं. ती दचकली, मान वळवून बघितलं, आणि आतूनच तो हळू आवाज काढला. वन्सं माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

बोट आली त्या सकाळी वन्सं बोचकं घेऊन उभ्या होत्या. एकच बोचकं, लहान.

"अहो, पण वचन?" मी म्हणाले.

"माझं वचन आहे, मीच मोडणार. तू कोण विचारणारी?" मग आवाज उतरला. "त्या पिल्लाला कुणी सांगावं लागलं नाही कुठं जायचं ते. मलाही नाही लागत. पण लाइतेला ठेव. ती काही मलाऊ नाही. आणि तुला रानाच्या कडेनं हाका मारत फिरताना मला बघवायचं नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी आनंदानं रडेन. रडले, पण आनंद कुठं होता? इतकी वर्षं माझ्या मुलीचं डोकं ज्या मांडीवर होतं, ती मांडी रिकामी होऊन चालली होती, आणि रिकामी करणारी मी होते. आत्या भावाच्या घरून रिकाम्या हातानं जात नाही. मी चटया आणल्या, झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड आणलं. वन्संनी हात लावून बाजूला ठेवलं. मग मी खुराड्याकडं पळाले. झावळ्यांच्या टोपलीत तांबडीला पिल्लांसकट बसवलं आणि टोपली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली.

बोट लाटांवरून बाहेर पडेपर्यंत लाइते हात हलवत राहिली. तिचं नाक वाहत होतं.

"आई," ती म्हणाली, "तिथं तर जमीनच अंडी उबवते. मग आत्याला कोंबडी कशाला दिलीस?"

"उबवायला नाही गं," मी म्हणाले. "नंतरसाठी."