तीन, चारची जागा

जोतीरामच्या पायाला प्लास्टर होतं, जिभेला नव्हतं. घरी बाजेवर पडून तो फोनवर हुकूम सोडायचा आणि लेक संस्कृती माढ्याजवळच्या त्यांच्या डाळिंबाच्या बागेत राबायची. "तिसरी ओळ, चौथं झाड. मर रोग लागलाय, मुळासकट काढ," तो म्हणाला. तिनं काढलं. निघालं ते फळांनी लगडलेलं, धडधाकट झाड.

विहीर बागेच्या मधोमध. बापाची तिसरी ओळ विहिरीच्या पश्चिमेला होती, लेकीची पूर्वेला. चूक कुणाची, यावर घर डोक्यावर घेऊन झालं.

"बाग गुंडाला वाट्यानं देतो. तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय," जोतीराम म्हणाला. गुंडा म्हणजे शेजारचा रोपवाटिकावाला. बागेवर त्याचा कधीचा डोळा.

"आबा, उद्या सांजपातूर थांबा," संस्कृती म्हणाली.

तिला रडू फुटलं होतं, पण रडून झाड उभं राहणार नव्हतं. दिवस उगवताच ती चुन्याची बादली घेऊन बागेत शिरली. आधी खरं रोगट झाड उपटून जाळलं. मग विहिरीला शून्य, शून्य ठरवलं. पहिला आकडा ओळीचा, पूर्व-पश्चिम, दुसरा झाडाचा, दक्षिण-उत्तर, आणि हा क्रम मोडायचा नाही. पूर्व आणि उत्तर अधिक. पश्चिम आणि दक्षिण उणे. नववीत याच धड्यानं तिला झोप यायची. आता खोडाखोडावर ती तेच आकडे रंगवत सुटली.

"झाडाला उणं म्हणू नगंस. लेकराला म्हणतं व्हय कुणी?" संध्याकाळी तिनं घरी येऊन आकडे सांगताच बाप भडकला.

"झाड उणं न्हाय आबा. विहिरीच्या कुठल्या अंगाला, तेवढंच कळतं की."

"मग मर लागलेलं?"

"उणे तीन, चार. जाळलं."

"आणि तू तोडलेलं? ते तर गेलं. आता त्याच्या पुढच्यालाच चौथं म्हणायचं."

"न्हाय. पुढचं पाचवंच. झाड गेलं तरी जागा जात न्हाय. तितं खुंटी ठोकलीय, तीन, चार लिहून."

जोतीरामनं गुंडाला फोन लावला.

"वाट्याचं राहू दे. एक चांगलं रोप धाड. तीन, चारला लावायचंय."

"तीन, चार? म्हंजी कुटं?"

"पोरीला इचार," जोतीराम म्हणाला. "बाग तिची हाय."