दोघांना पुरेल एवढी बॅटरी

रहेमानने पुढच्या चाकात हवा भरली, अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि डिक्कीतून पाना-पक्कड, दोरी, कापसाची पिशवी असं सगळं बाहेर काढलं.

"आता मलेच ठेवून जासान," ओट्यावरून बिस्मिल्लाबी म्हणाली.

"तुलेच ठेवाले पाह्यजे. सगळ्यात जड तूच."

ती हसली. पण चप्पल घालायला तिला खाली बसावं लागलं.

मागच्या ईदला दोघं मारेगावहून मुकुटबनला लेकीकडे निघाले, तर बॅटरीच्या गाडीने भर उन्हात मान टाकली होती. रहेमान गाडी ढकलत पुढे, बिस्मिल्लाबी धापा टाकत मागे. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो, तेव्हापासून बायकोला मागे बसवायचं नावच काढेना. एसटीत तिला मळमळायचं. परवा रुबीनाला मुलगी झाली, तर नात पाहायलाही हा शहाणा एकटाच जाऊन आला. मग बिस्मिल्लाबीचं जेवणावरून लक्षच उडालं. रुसली असेल, असं त्याला वाटलं, आणि शेवटी तोच वरमला.

गाडी इतकी हळू चालली होती, की सायकलवाले मागे वळून बघत. मूठ पिळायची नाही, उतारावर सोडून द्यायची, ब्रेकला उगाच हात लावायचा नाही. दोन्हीकडे बोंडअळीने खाल्लेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. घरी गादी भरायला कोणाकडे कापूस उरत नव्हता, त्यामुळे रहेमानचा पिंजाऱ्याचा धंदाही बसलाच होता.

चढ आला की बिस्मिल्लाबी विचारी,

"उतरू का?"

"बस गुमान. चढून राह्यली ना गाडी!"

मुकुटबन आलं तेव्हा बॅटरीच्या दोन काड्या शिल्लक होत्या. रहेमानची मान ताठ झाली.

"पाह्यलं? गाडीले जीव लावा लागते."

"परवा एकटे आलते, तवा किती उरल्या होत्या?"

"दोनच," तो तोऱ्यात म्हणाला.

मग त्याने काड्या पुन्हा मोजल्या. वाट तीच, वेग तोच, चाकात हवाही तेवढीच, डिक्कीही तेव्हा अशीच रिकामी. परवा फक्त मागची सीट रिकामी होती.

लेकीच्या दारात त्याने बायकोला दंडाला धरून उतरवलं. मुठीत कापूस घेऊन वजन सांगणारा माणूस तो, काट्यावर टाकायची गरज नाही, अशी त्याची ख्याती. त्याची बोटं तिच्या दंडाभोवती एकमेकांना भिडली.

"कवापासून जेवत नाहीस तू?"

"खातो ना थोडं थोडं. पोटात ठरत नाही."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी त्या बॅटरीच्या घोरात. कवा सांगू?"

तेवढ्यात रुबीना बाळाला घेऊन बाहेर आली. बिस्मिल्लाबीने नातीला छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा खुलला. रहेमानने मात्र बाळाकडे पाहिलंही नाही. डिक्कीतून चार्जर काढत त्याने लेकीला विचारलं,

"बटन कुठी हाय?"

"अब्बा, आधी पाणी तर प्या!"

"आधी गाडी चार्जिंगले लावतो. उद्या सकाळीच वणीले जा लागन. मोठ्या दवाखान्यात."

बिस्मिल्लाबीने मान वर केली.

"पुन्हा एवढ्या लांब? दोघाइले पुरन का बॅटरी?"

"पुरन," रहेमान म्हणाला, आणि पिन बसली होती तरी भिंतीकडे तोंड करून तो ती दाबतच राहिला.