सलाइनचा हात

आईच्या उजव्या हाताला सलाइन होतं, आणि सुई हलू नये म्हणून तो हात पुठ्ठ्यावर ठेवून पट्टीने आवळून टाकला होता.

"फार हातवारे करतात हो आजी," आया म्हणाली. "सारखं आपलं चालूच."

आई जन्मापासून बहिरी. ती हातवारे करत नव्हती, बोलत होती.

"आजीऽऽ, गोळी!" आया तिच्या कानाशी ओरडली. अख्ख्या वॉर्डाने मान वळवली, आईने तेवढी नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिची बोटं पट्टीखाली धडपडत होती. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. तिला जे बोलायचं, ते आताच बोलायचं होतं.

मी नर्सकडे गेले. "सुई डाव्या हाताला लावाल?"

"शीर सापडायची मारामार, ताई. लागलीय ती राहू दे."

"त्या हाताने ती बोलते."

"मग डाव्याने बोलतील."

"तुमच्या तोंडात बोळा कोंबून कुणी म्हटलं, नाकाने बोला, तर?"

मी आवाज चढवला नव्हता. ती वळून आत गेली. थोड्या वेळाने ट्रे घेऊन आली, आईला दिसेल अशी समोर उभी राहिली आणि स्वतःच्या डाव्या हातावर बोट टेकवून भुवया उंचावल्या. इथे लावू? आईने मान डोलावली. दोनदा शीर हुकली, आईने तोंड वाकडं केलं नाही.

उजवा हात सुटला तशी तिने बोटं चोळली आणि नर्सला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?" नर्सने मला विचारलं.

"तिलाच विचारा."

ती अवघडून वळली. आईने तोंडाशी घास नेला, मग तिच्याकडे बोट केलं.

"मी? जेवले का?" नर्स हसली. "कुठलं हो आजी!" आणि मान हलवली. आईने कपाळावर हात मारून घेतला. त्याला दुभाषी लागला नाही.

दुपारभर आई बोलत राहिली. मावशीच्या चहाड्या, बाबांच्या आ वासून घोरण्याची नक्कल. मध्येच हनुवटीवर दोन बोटं टेकवून मला हाक मारायची. तिने पाडलेलं माझं नाव ते. बाबा गेल्यावर ते घेणारी ती एकटीच उरली होती.

आता तीही नाही. आत्या समाचाराला येते. "बोलत जा गं, मन मोकळं होतं," म्हणते.

मी बोलते. तोंडाने, नीट, पूर्ण वाक्यांत. हात कुठे ठेवावेत, तेवढं कळत नाही.