ठिगळ्या आणि चिंध्यांचा ढीग

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. आरशापुढे ऐटीत पडून राहणारा कंगवा वेगळा. माझे दात बारीक, पोलादी आणि इतके दाटीवाटीने बसवलेले, की त्यांच्यामधून केस जातो पण ऊ जात नाही. कारखान्यातल्या कारागिराने मला उजेडासमोर धरले आणि "हिच्या तावडीतून कोणी सुटायचं नाही," असे म्हणून खोक्यात टाकले. तेवढे कौतुक मला पुष्कळ दिवस पुरले.

एका शिंप्याच्या बायकोने मला विकत आणले. तिच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. मुलगी भोकाड पसरायची, आई तिला गुडघ्यांत घट्ट धरायची आणि मी माझे काम करायचे. हळूहळू मी तिच्या केसांतून रिकामी बाहेर येऊ लागले. "सुटलो एकदाचे!" असे म्हणून आईने मला बटणे, खडू आणि मोडक्या सुयांच्या खणात टाकले. गरज सरो, वैद्य मरो! मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

खणाच्या फटीतून मला दुकान दिसायचे आणि दुकानामागचे घरही. शिंपी हाताचा साफ, पण त्याला एक खोड होती. तो कातरण कधी टाकायचा नाही. "आज ना उद्या कुणाच्या तरी कोपराला लागेलच," हे त्याचे ठरलेले उत्तर. मशीनमागे चिंध्यांचा ढीग कमरेएवढा वाढला होता. घरात एक पांढरा कुत्रा होता. त्याच्या पाठीवर काळा डाग, म्हणून नाव पडले ठिगळ्या. मांजरीला सगळे बाईसाहेब म्हणत, कारण ती कोणाचेच ऐकत नसे.

एका उन्हाळ्यात ठिगळ्या खाजवू लागला. शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या पायांना तो दातांनी कुरतडायचा. बायको त्याला रोज साबण लावून आंघोळ घालू लागली. त्याने कातडी आणखीच कोरडी पडली. केस गळाले, लाल चट्टे उठले. एक गिऱ्हाईक दारातच थबकले, "याला खरूज झालीय वाटतं," म्हणाले आणि कापड काखेत मारून परत गेले.

शिंप्याने मेव्हण्याला फोन लावला. मेव्हण्याचे गोदाम गावाबाहेर होते. "रविवारी टेम्पो घेऊन ये. राखणीला ठिगळ्याला बांध तिकडं," तो म्हणाला. मुलगी त्या दिवशी जेवली नाही. ठिगळ्याला यातले काय कळणार? तो बिचारा शेपूट कुरतडत होता.

"देण्याआधी डॉक्टरला तरी दाखवू या," बायको म्हणाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ठिगळ्याचे केस विस्कटून पाहिले आणि विचारले, "पिसवा आहेत का घरात?"

"पिसवा? आमच्या घरात?" बायकोला तो शब्दच झोंबला. "रोज न्हाऊ घालते मी त्याला! त्याची गादी आठवड्याला धुते!"

"बारीक फणी आहे का एखादी?"

मुलगी धावत खणाकडे आली. इतक्या दिवसांनी उजेड पाहिला, मित्रांनो! मी ठिगळ्याच्या पाठीवरून अगदी जपून फिरले. पिसू एकही हाती लागली नाही, नुसते काळे कण आले. डॉक्टरीणबाईंनी ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरले.

"ही पिसवांची विष्ठा. रक्त पितात, म्हणून लाल उतरते. सापडत नाहीत, कारण हा चाटून गिळतो त्यांना. याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे. दोन-चार चावल्या तरी पुरे. पण येतात कुठून?"

माझ्या दातांत आणखी काहीतरी अडकले होते. शिंप्याने मला हातात घेतले. लाल मखमलीचा धागा. ती मखमल त्याने कधीकाळी बेतली होती आणि तिचे तुकडे ढिगाच्या पार तळाशी होते. त्याने मान वळवून पाहिले. ढीग उकरून पाडलेल्या खळग्यात बाईसाहेब पसरल्या होत्या. ठिगळ्याची गादी सगळ्यांनी धुतली, पण दुपारभर तो कुठे झोपतो हे कोणी पाहिलेच नव्हते.

"अंडी तिथंच आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी खाज थांबायच्या गोळ्या दिल्या, पिसवांचे औषध दिले आणि बाईसाहेबांना वेगळे औषध लिहून दिले. "कुत्र्याचं औषध मांजरीला चुकूनही लावू नका. विष होईल तिला."

रविवारी मेव्हण्याचा टेम्पो दारात उभा राहिला. मुलगी ठिगळ्याला मिठी मारून बसली. शिंप्याने घट्ट बांधलेली पोती एकामागून एक टेम्पोत चढवली. मखमलीच्या पोत्यावर त्याचा हात जरा रेंगाळला.

"कचरा डेपोवर टाक," तो मेव्हण्याला म्हणाला.

"आणि कुत्रा?"

"कुत्रा राहू दे. चिंध्या काय, पुन्हा साठतील."

"त्या तर साठतीलच!" बायको म्हणाली आणि पदराने डोळे पुसून फरशीच्या फटी झाडायला बसली.

खाज लगेच थांबली नाही. फटींमधून नव्या पिसवा निघतच राहिल्या. पण झाडलोट, गरम पाण्याची धुणी आणि दोघांची औषधे यांत खंड पडला नाही. चट्ट्यांवर पुन्हा पांढरे केस आले आणि मी ठिगळ्याच्या पाठीवरून रिकामी बाहेर येऊ लागले.

आता पुन्हा खणात जाणार, हे मी ओळखून होते. पण शिंप्याने मशीनमागच्या मोकळ्या भिंतीवर एक खिळा ठोकला आणि मला तिथे टांगले. रोज संध्याकाळी मशीन थांबले, की ठिगळ्या आपणहून त्याच्या पायांशी येऊन आडवा होतो. शिंपी मला पाठीवरून फिरवतो, उजेडासमोर धरतो आणि म्हणतो, "काही नाही."

मित्रांनो, फणीला याहून मोठी शाबासकी नसते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर ती रिकामी निघाली म्हणून तिला खणात टाकू नका.