बसच्या दारातली फळी

मी एक जुनी फळी आहे. जन्माने मात्र मी दार. एका सुताराच्या घरातल्या आतल्या खोलीचं, त्यानेच स्वतःच्या हातांनी घडवलेलं. सुताराच्या घरचं दार नेहमी कुरकुरतं, असं लोक म्हणतात. मी कधी कुरकुरले नाही.

त्या घरात तिघं राहत. सुतार, शिवणकाम करणारी त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक मुलगी. मुलीचे पाय लहानपणीच्या तापात गेले होते. जीभ मात्र शाबूत होती. बसल्या जागेवरून ती असे काही हुकूम सोडायची, की घरात तिचं नावच पडलं राणीसरकार.

ती मोठी झाली तशी घरात चाकांची खुर्ची आली आणि पहिल्याच दिवशी माझ्यापाशी अडकली. ना आत, ना बाहेर.

"बाबा, दार काढा."

"अगं, चौकटच रुंद करतो सावकाश."

"सावकाश म्हणजे कधी? मला आत्ता आत जायचंय!"

माझ्या बिजागऱ्या निघाल्या. तेवढी दोन बोटं जागा वाढली आणि खुर्ची घासत का होईना, आत गेली. माझी रवानगी भिंतीकडे झाली. मित्रांनो, ज्या दाराला कुणी उघडत नाही आणि कुणी लावत नाही, त्याचं दुःख दारालाच ठाऊक. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

पुढे राणीसरकार घड्याळं दुरुस्त करायला शिकली. बाजारातल्या घड्याळांच्या दुकानात तिला काम मिळालं. मालकीणबाई कडक होत्या. "हात चांगला आहे तुझा, म्हणून ठेवते. दया म्हणून नाही. दुकान उघडताना हजर पाहिजेस," असं त्यांनी बजावलं होतं.

दुकान गाठायचं तर बस हवी, आणि बसच्या पायऱ्या उंच. सुतार रोज लेकीला उचलून बसमध्ये चढवायचा, आई मागून खुर्ची आणायची. बसमधले लोक "बिचारी" म्हणून चुकचुकायचे. घरी आल्यावर राणीसरकार धुमसायची. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

एके दिवशी रंधा मारताना सुताराच्या कंबरेत उसण भरली. तो आडवाच झाला. लेकीचं कामावर जाणं थांबलं. मालकीणबाईंचा निरोप आला, की आता आणखी वाट बघता येणार नाही.

त्या दुपारी राणीसरकार माझ्याकडे टक लावून बघत बसली.

"बाबा, हे दार बसला लावू या."

सुतार उठून बसता झाल्याबरोबर कामाला लागला. माझ्या कडांना पट्ट्या ठोकल्या, चाक बाहेर जाऊ नये म्हणून. पण हाडाचा कारागीर तो! खडबडीत काम हातून जाऊ देईल तर शपथ. त्याने मला तासलं, घासलं आणि वर व्हार्निशचे दोन हात दिले. मी आरशासारखी चमकू लागले. ओट्याला मला टेकवून लेकीने खुर्ची चढवली मात्र, चाकं सर्रकन मागे आली ती थेट आईच्या अंगावर.

"अहो, पोरीला चढायचंय की घसरायचंय?" आई ओरडली.

सुतार माझ्याकडे बघत राहिला. मग छिन्नी घेऊन त्याने स्वतःच केलेल्या त्या गुळगुळीत कामावर आडव्या खाचा पाडल्या आणि टायरच्या पट्ट्या ठोकल्या. मी कुरूप झाले. आणि कामाची झाले.

दुसऱ्या दिवशी आईने मला डोक्यावरून थांब्यावर नेलं. बस आली. मागच्या दाराला मी टेकले.

"ओ बाई, फळीबिळी चालणार नाही," कंडक्टर म्हणाला.

"फळीचं नंतर बघा. वर मी येतेय," राणीसरकार म्हणाली. आईने मागून जोर लावला. खुर्ची माझ्या मध्यावर आली आणि तिथेच राणीसरकारने ब्रेक ओढला. कंडक्टर दारात आडवा उभा होता ना!

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बसमधून कुणी ओरडलं, "अहो, आम्हाला उशीर होतोय!"

"मलाही होतो, रोज. आज सगळ्यांना मिळून होऊ दे."

कंडक्टर नरमला. "ताई, आम्ही दोघं उचलून घेतो ना तुम्हाला. त्यात काय मोठंसं?"

"तुम्हाला रोज दोघांनी उचलून बसमध्ये टाकलं, तर चालेल?"

बसमध्ये हशा पिकला. थांब्यावरच्या भाजीवाल्या मावशी टोपली खाली ठेवत म्हणाल्या, "ए बाबा, हो बाजूला. तिच्यामागून मीपण इथूनच चढणार आहे. त्या पायऱ्यांनी माझ्या गुडघ्यांचा जीव घेतलाय."

कंडक्टर खाली उतरला. "सोडा ब्रेक. मी मागून धरतो."

"धरा. पण उचलू नका."

आणि मित्रांनो, ती चढली! तिचा सगळा भार मी पेलला, तेव्हा वाटलं, दार म्हणून मी आयुष्यभर नुसती आडच येत होते.

तिच्यामागून मावशी चढल्या आणि मग आईने मलाही आत ओढून घेतलं; बाजारात उतरायला मीच हवी होते. राणीसरकारला दुकानात पोचायला उशीर झालाच. मालकीणबाईंनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उद्या?" एवढंच विचारलं. "उद्या बस वेळेवर निघेल," ती म्हणाली. मालकीणबाईंनी एक बंद पडलेलं घड्याळ तिच्यापुढे सरकवलं. हे सगळं मला संध्याकाळी, घरी जाताना कळलं.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी काही मोठी माणसं आली. त्यांनी माझे फोटो काढले, "किती जिद्दी कुटुंब!" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि गाडीत बसून निघून गेली. बसच्या पायऱ्या होत्या तेवढ्याच उंच राहिल्या. आता म्हणे बुटकी, स्वतःची फळी असलेली एक बस आली आहे. एकच, आणि ती दुपारची. "मग दुकानं दुपारी उघडायला सांगा," असं राणीसरकारने डेपोत जाऊन सुनावलं. केस पिकले, जीभ तीच आहे.

जुन्या वस्तू शेवटी "आम्हाला जपा" अशी विनवणी करतात. मी करणार नाही. मला खुशाल चुलीत घाला. पण आधी प्रत्येक बसचं दार खाली आणा. तोवर मी रोज सकाळी थांब्यावर हजर आहे. माझ्यामुळे तुमची बस खोळंबली, तर आतून ओरडू नका. खाली उतरा आणि माझं एक टोक धरा.